सांगाडा आपला, इंजिन दुसऱ्याचे



दिवसभर जळगावच्या उन्हात भाजून निघालेली माणसे संध्याकाळी पटांगणात सतरंजीवर येऊन बसतात आणि तासभर दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेतात, ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. अशा सतरंजीवर मागच्या बाजूला बसून मी पुष्कळ शिकलो. माझे शाळेचे शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे शिक्षण लेथवर, युनियनच्या कचेरीत, वाचनालयाच्या बाकावर आणि अशा व्याख्यानांत झाले. त्यामुळे आज या बाजूला उभे राहताना थोडा संकोच वाटतो.

चालकांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांना वाटले असेल की मी किमान वेतनावर बोलेन, नाही तर कंत्राटी कामगारांवर. मी ‘स्पेनमध्ये तयार झालेले जर्मन लढाऊ विमान’ असे लिहून पाठवले. एक चालक भेटायला आले आणि म्हणाले, “भाऊ, तुम्ही कामगारांचे पुढारी, विमानाशी तुमचा काय संबंध?” संबंध आहे. तो सांगण्यासाठीच आज उभा आहे.

धुळ्याहून एस. टी. ने नाशिकला जाताना मालेगाव, चांदवड, पिंपळगाव मागे पडले की ओझर येते. त्या मुंबई-आग्रा रस्त्यावर लहानपणी मी आईबरोबर पुष्कळदा गेलो आहे, कारण माझे मामा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. धुळ्याच्या आय. टी. आय. मधून निघालेला हा मुलगा साठीच्या दशकाच्या अखेरीस तिथे लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. एकदा आकाश फाडीत एक विमान डोक्यावरून गेले. माझी आजी अहिराणी बोलणारी. तिने वर पाहून मामांना विचारले, “हाई इमान कोनं शे?” हे विमान कोणाचे आहे? मामा म्हणाले, “रशियाचे.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण केले आम्ही.”

म्हातारीचा तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. केले आपण आणि आहे दुसऱ्याचे, म्हणजे काय? पुढे वाचनालयात लढायांच्या पुस्तकांत स्पेनची ही हकीकत सापडली आणि आजीचा प्रश्न अधिक स्पष्ट झाला. म्हणून आधी स्पेनला जाऊ, मग ओझरला येऊ आणि शेवटी आपल्या जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत येऊ.

विली मेसरश्मिट नावाच्या जर्मन अभियंत्याने आउग्सबुर्गच्या कारखान्यात एक लढाऊ विमान रचले. १९३५ साली ते प्रथम उडाले. त्याचा क्रमांक १०९. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची मुख्य भिस्त ज्या लढाऊ विमानांवर होती त्यांतले हे पहिले, आणि याची संख्या तेहतीस हजारांच्या वर गेली. एक गंमत मात्र आत्ताच लक्षात ठेवा. याचा पहिला नमुना उडाला तेव्हा जर्मन इंजिन तयार नव्हते, म्हणून त्यात बसवले होते इंग्लंडच्या रोल्स-रॉइसचे इंजिन.

ही विमाने कोणाच्या हातांनी झाली, हेही सांगितले पाहिजे. युद्धाच्या उत्तरार्धात फ्लोसेनबुर्ग आणि गुसेन इथल्या छळछावण्यांतील कैद्यांना मेसरश्मिटच्या विमानांचे भाग करायला जुंपले होते. गुसेनच्या छावणीत हजारो स्पॅनिश कैदी मेले. आपल्या देशात लोकशाही हरली म्हणून परागंदा झालेली ही माणसे होती. तेव्हा विमानाचे कौतुक करताना आपण हे विसरू नये.

स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी युद्ध झाले. जनरल फ्रँकोच्या मदतीला हिटलरने आपले हवाई दल पाठवले आणि त्यात हे १०९ विमानही होते. फ्रँको जिंकला. १९४२ मध्ये त्याच्या सरकारने मेसरश्मिटशी करार केला. सेव्हिल शहरातील हिस्पानो अव्हियासिओन या कारखान्याने १०९ ची त्या वेळची नवी आवृत्ती परवान्यावर करायची. संख्या २००. सांगाडा स्पेनने करायचा. इंजिने, पंखे, उपकरणे, शस्त्रे, तसेच ड्रॉइंगे आणि जिग जर्मनीने द्यायचे. कागदावर करार चोख होता.

पण पुढे युद्धाचे पारडे फिरले. जर्मनीला स्वतःच्याच विमानांना इंजिने पुरेनात, ती स्पेनला कुठून देणार? सेव्हिलला पोचले ते २५ विमानांचे सांगाडे, तेही शेपटीशिवाय, आणि ड्रॉइंगे निम्मीसुद्धा नाहीत. इंजिने आलीच नाहीत. कल्पना करा, लग्नाचा मांडव घातला, वाजंत्री आली, आणि नवरदेवाकडून निरोप आला की मुलगा येत नाही, त्याचा फेटा तेवढा पाठवतो.

सेव्हिलच्या लोकांनी काय केले? जवळ जे इंजिन होते ते बसवले. ते होते हिस्पानो-सुइझाचे, बार्सिलोनाचे. १९४५ मध्ये त्याची पहिली चाचणी झाली आणि १९४७ मध्ये सेव्हिलचे विमान उडाले. पण ऐकायला सोपे वाटते तसे ते नव्हते. ट्रकचे इंजिन बदलतानासुद्धा मेकॅनिकच्या नाकी नऊ येतात, आणि इथे तर विमान. इंजिनाचे वजन बदलले की विमानाचा तोल बदलतो. पंखा बदलला की ओढ बदलते. थंड पाण्याच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, इंजिन धरून ठेवणारा पाळणा, वरचे पत्र्याचे झाकण, सगळे नव्याने करावे लागते. मूळ जर्मन इंजिनाच्या पोकळ दांड्यातून, पंख्याच्या मधोमध, तोफ डागण्याची सोय होती. नव्या जुळणीत ती सोय गेली, म्हणून तोफा पंखांत घालाव्या लागल्या. एका वस्तूच्या बदलाने पन्नास वस्तू बदलतात, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हिस्पानोच्या इंजिनाने समाधान होईना. तेव्हा १९५४ मध्ये स्पेनने त्या विमानात रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन बसवले, सुमारे सोळाशे अश्वशक्तीचे. मर्लिन म्हणजे इंग्लंडच्या स्पिटफायर विमानाचे हृदय. १९४० मध्ये लंडनच्या आकाशात ज्या दोन विमानांनी एकमेकांचा जीव घेतला, त्यांतल्या एकाच्या छातीत दुसऱ्याचे काळीज बसवले म्हणा ना! जर्मन इंजिनात बारा सिलिंडरे खाली तोंड करून उलटी टांगलेली असत. मर्लिनमध्ये ती वर तोंड करून सरळ बसलेली. त्यामुळे विमानाचे नाक पार पालटले आणि नाकाखाली एक खोल हनुवटी आली. छाती फुगवून चालणाऱ्या कबुतराची एक जात असते, तिला तिकडे ‘बुचोन’ म्हणतात. विमानाला तेच नाव पडले.

अशी बुचोन आणि त्याआधीची मिळून सुमारे २४० विमाने सेव्हिलला तयार झाली. १९५८ पर्यंत काम चालले आणि १९६५ च्या अखेरीपर्यंत ती स्पेनच्या हवाई दलात होती. पण काळ थांबला नव्हता. १९५३ मध्ये स्पेनने अमेरिकेशी करार केला आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेची सेबर जेट विमाने तिथे आली. पंख्याचे लढाऊ विमान स्पेनने मनासारखे तयार केले तेव्हा पंख्याचा जमानाच सरला होता. बारा वर्षांपूर्वीच्या कराराचे फळ हाती आले ते असे शिळे होऊन.

पुढे या विमानांना एक वेगळेच काम मिळाले. १९६८ मध्ये ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या इंग्रजी चित्रपटाचे चित्रण झाले. त्यात जर्मन १०९ म्हणून ही बुचोनच उडाली. पडद्यावर जर्मन आणि इंग्रज लढत होते, पण दोघांच्याही नाकातून रोल्स-रॉइसचाच आवाज येत होता.

हे एकट्या स्पेनचे झाले असे नाही. चेकोस्लोव्हाकियातही युद्धानंतर १०९ तयार करीत होते. इंजिनांचा साठा आगीत गेला आणि त्यांनी बाँबफेकी विमानाचे जड इंजिन त्यात बसवले. वैमानिकांनी त्याला ‘मेझेक’ म्हणजे खेचर असे नाव दिले. तात्पर्य एकच. सांगाडा करता येतो. इंजिन ज्याच्या हातात त्याच्या हातात लगाम.

आता मी माझ्या धंद्यावर येतो. सेव्हिलच्या त्या कारखान्यात काम करणारी माणसे कशी जगत होती? फ्रँकोच्या राज्यात स्वतंत्र कामगार संघटनेला बंदी होती. संप हा गुन्हा होता. सरकारने एकच संघटना ठेवली होती आणि तिच्यात मालक आणि कामगार दोघांनाही एकत्र कोंबले होते. वाघ आणि शेळी एकाच पंचायतीत, आणि सरपंच वाघ! तरीही साठीच्या दशकात स्पेनच्या कामगारांनी आतल्या आत आपल्या समित्या उभ्या केल्या. ‘कोमिसिओनेस ओब्रेरास’ म्हणजे कामगार समित्या हे त्यांचे नाव. सेव्हिलमध्ये त्या उभ्या करणाऱ्यांत एदुआर्दो साबोरिदो आणि फेर्नांदो सोतो हे दोघे पुढे होते, आणि हे दोघेही हिस्पानो अव्हियासिओनमध्ये काम केलेले होते. जून १९७२ मध्ये माद्रिदजवळ एका बैठकीत समित्यांचे पुढारी पकडले गेले. डिसेंबर १९७३ मध्ये खटला चालला. तो ‘खटला क्रमांक १००१’ म्हणून जगभर गाजला. साबोरिदोला २० वर्षे आणि सोतोला १७ वर्षे शिक्षा झाली. गुन्हा काय? युनियन करणे. १९७५ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा कमी केल्या आणि फ्रँको मेल्यावर ते सुटले.

विमानाच्या पुस्तकांत बुचोनचा वेग सापडतो, तोफांचा आकार सापडतो, पंख्याची पाती किती ते सापडते. ही दोन नावे त्यांत सापडत नाहीत. म्हणून ती मी आज इथे मुद्दाम घेतली. निम्म्या ड्रॉइंगांवरून विमान उभे करणाऱ्या कारखान्याला आपल्या मजुरीविषयी चार माणसे एकत्र बोललेली चालत नव्हती. कुशल हात हवे होते, पण त्या हातांना जोडलेले तोंड नको होते.

आता ही कथा हिंदुस्थानकडे कशी वळते ते पाहा. युद्धानंतर जर्मनीत विमाने करायला बंदी आली, तेव्हा खुद्द मेसरश्मिट स्पेनमध्ये याच हिस्पानो कारखान्यासाठी काम करू लागला. तिथे १९५५ मध्ये साएता नावाचे शिकाऊ जेट विमान उडाले. त्याने आवाजापेक्षा वेगवान अशा ‘३००’ क्रमांकाच्या लढाऊ विमानाचा आराखडाही केला. स्पेनला खर्च झेपेना, १९६० मध्ये त्यांनी तो सोडला आणि नासरच्या इजिप्तने उचलला. ७ मार्च १९६४ रोजी कैरोजवळच्या हेलवान इथे हे विमान प्रथम उडाले. वैमानिक कोण होता? आपल्या हवाई दलाचा कपिल भार्गव.

आपला माणूस तिथे का गेला? कारण आपलीही तीच अडचण होती. बंगळूरला कुर्ट टँक नावाचा दुसरा जर्मन अभियंता १९५६ पासून आपल्यासाठी ‘मरुत’ हे लढाऊ विमान रचीत होता. महायुद्धात जर्मनीचे दुसरे मोठे लढाऊ विमान, फोके-वुल्फ १९०, ते याच टँकचे. मरुत १७ जून १९६१ रोजी उडाले. सांगाडा उत्तम होता. पण ज्या जोरकस इंजिनासाठी तो रचला ते इंग्लंडने पुढे नेले नाही. लहान इंजिनांची जोडी बसवावी लागली आणि जे विमान आवाजाच्या पुढे जायचे ते मागेच राहिले. इजिप्तमध्ये ब्रांडनर हा ऑस्ट्रियन अभियंता नवे इंजिन करीत होता. ते आपल्याला उपयोगी पडेल म्हणून आपण एक मरुत तिकडे पाठवले आणि १९६७ मध्ये ते इंजिन त्यात बसवून उडवलेही. १९६९ मध्ये इजिप्तने तो सारा उद्योग बंद केला. स्पेन, इजिप्त आणि हिंदुस्थान, तिघांच्याही हाती सांगाडे होते आणि तिघेही एकाच इंजिनाच्या दारात उभे होते.

मरुत सुमारे दीडशे झाली, १९७१ च्या युद्धात राजस्थानात चांगली लढली आणि नंतर निवृत्त झाली. तिच्यापुढची पायरी आपण बांधली नाही, याची चुटपुट जाणत्यांना आजही आहे.

आता ओझर. आपल्या देशात विमानाचा पहिला कारखाना काढला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर सरकारच्या भागीदारीत, बंगळूरला. पुढे तो सरकारने घेतला. १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाशी मिग-२१ साठी करार झाला. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विजेची उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. १९६४ मध्ये हे कारखाने आणि बंगळूरचा कारखाना मिळून हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली.

मामा सांगत, “पहिली विमाने आम्ही जुळवली. नंतरची केली.” या दोन क्रियापदांत फार मोठे अंतर आहे. आधी रशियाहून सुट्या भागांच्या पेट्या येत. मग मोठे भाग येऊ लागले ते बंद होऊन पत्रा आणि धातू येऊ लागला. १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथे घडलेले पहिले मिग हवाई दलाला मिळाले. अशी सुमारे साडेसहाशे मिग-२१ हिंदुस्थानात तयार झाली. चांदवड-निफाडचे, मालेगाव-धुळ्याचे शेतकऱ्यांचे पोरगे केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखू लागले. हे लहानसहान काम नव्हे. रशियाने इंजिनाचाही परवाना दिला, म्हणून सेव्हिलसारखी फजिती आपली झाली नाही.

पण मामा दुसरेही एक सांगत. “ड्रॉइंगमध्ये माप लिहिलेले असते. ते माप तेवढेच का, हे लिहिलेले नसते.” बंधुभगिनींनो, परवान्याचा सगळा गाभा या वाक्यात आहे. परवाना देणारा ‘कसे’ विकतो, ‘का’ विकत नाही. ‘का’ त्याच्या घरी राहते. सेव्हिलला निम्मी ड्रॉइंगे आली नाहीत म्हणून तिथल्या लोकांना ‘का’ स्वतः शोधावे लागले. त्यांचे विमान उशिरा झाले, पण माणसे तयार झाली. हिस्पानो १९७२ मध्ये कासा या मोठ्या स्पॅनिश कंपनीत विलीन झाली, कासा पुढे एअरबसमध्ये गेली, आणि सेव्हिलमध्ये आजही विमाने होतात. आपल्या हवाई दलाने घेतलेल्या सी-२९५ या वाहतुकीच्या ५६ विमानांपैकी पहिली १६ त्याच सेव्हिलहून आली. उरलेली ४० आपल्या शेजारी, बडोद्याला करायची. त्या कारखान्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. जे सेव्हिल एके काळी जर्मनीच्या पेट्यांची वाट पाहत बसले होते, त्याच सेव्हिलकडून आज आपण परवाना घेतो. यात लाज नाही. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याकडे जावेच. मात्र ‘का’ विचारायला जावे.

मिग-२१ चा निरोप २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला झाला. बासष्ट वर्षे त्याने सेवा केली. त्याचा हिशेब मांडताना दुसरे पानही उघडले पाहिजे. २०१२ मध्ये संसदेत सांगितले गेले की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक मरण पावले. कारणे अनेक होती. उतरण्याचा वेग जास्त होता. शिकाऊंसाठी मधल्या पायरीचे जेट विमान हवाई दलाला २००८ पर्यंत मिळाले नाही. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर सुट्या भागांची वाण पडली. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे जागा घेणारे नवे विमान वेळेवर झाले नाही, म्हणून जुने उडवत राहावे लागले. दुसऱ्याच्या आराखड्यावर विसंबून स्वतःचा आराखडा लांबवला की त्याची किंमत अशी कोणाच्या तरी तरुण मुलाला मोजावी लागते.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून पहिले तेजस मार्क-१ए उडाले. रचना आपली, सांगाडा आपला. मला आनंद झाला. मामा असते तर त्यांनी पेढे वाटले असते. पण इंजिन? ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला आणि पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. तोपर्यंत सांगाडे वाट पाहत राहिले. आपल्या कावेरी इंजिनाचे काम ऐंशीच्या दशकात सुरू झाले. ते तेजसमध्ये बसू शकले नाही. सेव्हिल १९४३ आणि नाशिक २०२५ यांत फरक पुष्कळ आहेत, पण इंजिनाची वाट पाहणे दोघांनाही सारखेच आले.

आता शेवटची गोष्ट, माझ्या चुकीची. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान म्हणजे नुसती पुस्तकातली माहिती होईल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आपल्याच खान्देशातल्या एका औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता. नाव सांगत नाही. दूरच्या एका मोठ्या कंपनीसाठी तिथे साच्यातून भाग काढत. सव्वाशे कामगार. आमच्या युनियनने अकरा महिने झगडून तीन वर्षांचा करार केला. पगारवाढ चांगली, बोनस चांगला, रजा वाढल्या. गेटवर गुलाल उधळला. मला खांद्यावर घेतले. मीही खांद्यावर बसलो.

दीड वर्षाने एका रात्री दोन ट्रक आले आणि साचे भरून निघून गेले. साचे कारखान्याचे नव्हतेच, काम देणाऱ्या कंपनीचे होते. तिला दुसऱ्या राज्यात स्वस्त पडले, तिने साचे उचलले. सकाळी कामगार आले तेव्हा यंत्रे जागेवर होती, वीज होती, माणसे होती, करारही होता. साचे नव्हते. मालकाने हात वर केले, आणि खरे सांगायचे तर त्याच्याही हातात काही नव्हते. वर्षाच्या आत टाळे लागले.

गेटवरच्या शेवटच्या सभेत एक वयस्कर कामगार उठला. रागावला नव्हता, साधे विचारले, “भाऊ, तुम्ही मजुरीचा करार केला. साच्याचा केला का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. अकरा महिने मी ताळेबंद वाचत होतो, महागाईचा आकडा वाचत होतो. साचे कोणाचे, हे स्टोअरकीपरला ठाऊक होते. मी त्याला विचारले नव्हते. स्पेनची गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. ती मी विमानाची गोष्ट म्हणून वाचली होती, आमची म्हणून वाचली नव्हती.

त्या सव्वाशेंपैकी काही सुरत-वापीला गेले, काही चाकणला, काही केळीच्या बागेत मजुरीला. एक जण रिक्षा चालवतो. स्टेशनवर भेटला तर माझ्याकडून भाडे घेत नाही, आणि ते मला फार जड जाते. पण त्यांतले पाच जण साचा घडवण्याचे काम शिकले होते. त्यांनी जुने लेथ घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची टूलरूम काढली. आज ती चालते. सव्वाशेंना मजुरी येत होती. पाचांना साचा येत होता. पाच टिकले.

तेव्हापासून कुठलाही करार करताना मी तीन प्रश्न आधी विचारतो. साचे कोणाचे? ड्रॉइंग कोणाच्या कपाटात? आणि आपल्यापैकी किती जणांना ते वाचता येते? मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली आम्ही लिहितो की दरवर्षी इतक्या कामगारांना टूलरूममध्ये शिकवावे. मालक हसतात. कधी कधी कामगारही कुरकुरतात; “भाऊ, शिक्षण नको, रोख द्या,” म्हणतात. त्यांचेही चूक नाही, घरात मीठमिरची लागतेच. मी त्यांना म्हणतो, रोख तर घेऊच, पण शिक्षणही घेऊ, कारण साचे एका रात्रीत ट्रकमध्ये भरता येतात, शिकलेला हात भरता येत नाही.

इथे पालक बसले आहेत, शिक्षक बसले आहेत, दोनचार कारखानदारही दिसतात. त्यांच्याशी माझे नेहमीचे भांडण उद्या सकाळी चालू होईलच. आज विनंती करतो. तुमच्या शेडमध्ये मुलगा नुसते बटण दाबत असेल तर त्याला एकदा विचारा, हे माप एवढेच का, हे तुला ठाऊक आहे का? आणि तुम्हाला स्वतःला ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. परवान्याचे काम करण्यात कमीपणा नाही. वालचंदांनी तिथूनच सुरुवात केली, ओझरने तिथूनच केली, सेव्हिलनेही तिथूनच केली. कमीपणा आहे तो ‘कसे’ मिळाल्यावर ‘का’ विचारायचे सोडून देण्यात.

माझी आजी निरक्षर होती. तिने मान वर करून विचारले होते, हे विमान कोणाचे? मामांच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग मला अजून अभिमानाचा वाटतो, ‘पण केले आम्ही.’ पहिला अर्धा भाग बदलायचे काम आता आपल्याकडे आहे.